दमट हवेत गॅरेजच्या दरवाजाचा ओपनर: बिघाड ओळखणे आणि दुरुस्त करणे

गॅरेजचा दरवाजा मोटरने उघडणारा-मिटणारा ओपनर सकाळी अडतो आणि दुपारी आपोआप सुरळीत चालू लागतो, अशी तक्रार असेल तर नवी मोटर घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. जळालेली मोटर, झिजलेला गिअर किंवा तुटलेली स्प्रिंग दुपारच्या उन्हाने बरी होत नाही. वेळ पाहून येणारा आणि वेळ पाहून जाणारा बिघाड बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो. तो मोटरमध्ये क्वचितच असतो. सेन्सरच्या भिंगावर, वायरच्या जोडात, टर्मिनलवरच्या हिरव्या थरात किंवा फुगलेल्या दरवाजात तो सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून दमट हवेत हे यंत्र दुरुस्त करताना काय बिघडले याच्या आधी केव्हा बिघडते हे शोधावे. दरवाजा किती वाजता अडला, उघडताना अडला की बंद होताना, आदल्या रात्री पाऊस होता का, ओली गाडी आत लावून दरवाजा बंद केला होता का, एवढे काही दिवस कागदावर टिपून ठेवले तरी पुढची तपासणी निम्म्याने सोपी होते.

ओलावा आत येतो कसा

हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. म्हणजे त्या हवेतली एखादी वस्तू जेमतेम चार अंशांनी थंड झाली तरी तिच्यावर पाणी धरू लागते. गॅरेजचे छप्पर पत्र्याचे असेल तर निरभ्र रात्री ते बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि ओपनरचा डबा नेमका त्याच छपराखाली टांगलेला असतो. पहाटे पत्र्याच्या खालच्या बाजूला जमलेले थेंब टांगणीच्या पट्ट्यांवरून, रेलवरून आणि विजेच्या वायरवरून ओघळत डब्यापर्यंत पोहोचतात. पावसाचा एक थेंबही आत न येता यंत्र भिजते ते असे.

पोलाद साधारणपणे ६० टक्के आर्द्रतेच्या पुढे झपाट्याने गंजू लागते. समुद्राजवळ हवेतले क्षार धातूवर बसतात आणि ते ओलावा ओढून धरत असल्यामुळे तिथे याहून कोरड्या हवेतही गंज थांबत नाही. सेन्सर आणि भिंतीवरचे बटण यांच्या वायरींमधून मात्र अगदी कमी दाबाचा प्रवाह जातो, त्यामुळे तिथे गंजाचा पातळ थर किंवा दोन टर्मिनलांमधली ओली धूळदेखील ओपनरच्या डब्यातल्या नियंत्रक बोर्डाला चुकीचा संकेत देण्यास पुरेशी ठरते. दमट हवेतले बहुतेक गूढ वाटणारे बिघाड या कमी दाबाच्या वायरींमध्ये जन्माला येतात, हे ध्यानात ठेवल्यास पुष्कळ खर्च वाचतो.

हात लावण्यापूर्वी

दरवाजा पूर्ण खाली आणावा आणि ओपनरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली असे होत नाही. ओपनरला बॅटरी बॅकअप असेल तर बॅटरीही सोडवावी, कारण प्लग काढल्यावरही तिच्यावर दरवाजा चालू शकतो. जमीन ओली असेल तर शिडी लावण्यापूर्वी पुसून घ्यावी.

दरवाजाच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेली पिळाची स्प्रिंग, बाजूच्या ट्रॅकवरच्या ताणाच्या स्प्रिंगा, त्यांच्या तारदोऱ्या आणि तारदोरी ज्याला अडकवलेली असते तो दरवाजाच्या तळकोपऱ्यातला ब्रॅकेट, या चार गोष्टींचे स्क्रू घरी कधीही सैल करू नयेत. संपूर्ण दरवाजाचे वजन त्यांनी तोलून धरलेले असते, आणि गंजलेला स्क्रू सुटताच पान्हा किंवा ब्रॅकेट ज्या जोराने फिरतो त्याने हात मोडतो. त्या पाहाव्यात, पुसाव्यात, त्यांना तेल द्यावे. बदलण्याचे काम ज्याच्याकडे त्यासाठीचे दांडे आणि अनुभव आहे अशा कारागिराकडेच सोपवावे.

पहिली तपासणी दरवाजाची

ओपनर दरवाजा उचलतो ही समजूत चुकीची आहे. वजन स्प्रिंग उचलते. ओपनर केवळ दरवाजाला वाट दाखवतो. म्हणून यंत्राचा डबा उघडण्यापूर्वी दरवाजा त्यापासून सोडवून पाहावा. दरवाजा पूर्ण खाली असताना रेलवरून लोंबणारी, बहुधा लाल मूठ असलेली दोरी ओढली की ट्रॉली, म्हणजे रेलवर सरकून दरवाजा ओढणारा तुकडा, दरवाजापासून सुटते. दरवाजा वर असताना ही दोरी ओढू नये, कारण स्प्रिंग आधीच तुटलेली असेल तर तो थेट खाली कोसळतो.

आता दरवाजा हाताने उचलावा. निरोगी दरवाजा एका हाताच्या बेताच्या जोराने वर जातो आणि कमरेइतक्या उंचीवर सोडला तर जवळपास तिथेच थांबतो. तो खाली बसू लागला तर स्प्रिंग सैल पडली आहे किंवा दरवाजा जड झाला आहे. लाकडी दरवाजाच्या बाबतीत दुसरे कारण पावसाळी हवेत नेहमीचे असते, कारण लाकूड पाणी पिऊन जड होते आणि आडव्या दिशेने फुगून बाजूच्या चौकटीला घासते. ज्या ठिकाणी रंग घासून लाकूड चमकू लागले आहे ती जागा खडूने खुणावून ठेवावी, पण ओल्या हवेत लगेच रंधा मारू नये. कोरड्या दिवसांत लाकूड आक्रसले की तिथे फट पडते. आधी दरवाजाच्या खालच्या आणि वरच्या कडा तपासाव्यात. रंगाऱ्यांच्या हातून बहुधा याच दोन कडा राहून जातात, आणि कोरड्या हंगामात त्यांना प्रायमर व रंगाचे दोन हात दिले तर फुगण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

दरवाजा पोलादी असेल तर रोलर आणि बिजागऱ्यांकडे पाहावे. दरवाजा हळूहळू वर नेताना प्रत्येक रोलर फिरतो की घसरत जातो, हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. बेअरिंग गंजून बसलेला रोलर फिरत नाही, ट्रॅकमध्ये खरडत जातो आणि त्याच्या कडेवर एकाच जागी सपाट चकाकी येते. असा रोलर तेलाने काही दिवस चालतो, पण तो बदलणेच योग्य. बंदिस्त बेअरिंगचे नायलॉनचे रोलर दमट जागी जास्त टिकतात. सर्वांत खालच्या ब्रॅकेटमधला रोलर मात्र वर सांगितलेल्या कारणासाठी घरी काढू नये. त्याच जागी तारदोरीचे टोकही तपासावे. जमिनीवरचे पाणी तिथे साचते, त्यामुळे तारदोरीचे तंतू तुटायला सुरुवात तिथूनच होते. एक जरी तंतू उसवलेला दिसला तरी दरवाजा वापरणे थांबवून कारागिराला बोलवावे.

स्प्रिंगेवर तांबूस गंज दिसला की ती ताबडतोब बदलावी लागते असे नाही. सामान्य स्प्रिंग सुमारे १०,००० वेळा उघडझाप सोसेल अशा हिशेबाने बनवतात. गंजाचे खड्डे पडले की वेढे एकमेकांना घासतात आणि हे आयुष्य घटते. पातळ तेलाचा किंवा सिलिकॉनचा फवारा वेढ्यांवर देऊन चिंधीने जास्तीचे पुसून घेतले, तर ओलावा धातूपर्यंत पोहोचायला अडथळा राहतो. बिजागऱ्यांसाठी पांढरे लिथियम ग्रीस चांगले. गंज सोडवण्यासाठी वापरले जाणारे डब्ल्यूडी-४०सारखे पातळ फवारे साफसफाईला ठीक असतात, पण ते लवकर उडून जातात आणि जुने ग्रीसही धुऊन नेतात. त्यांना वंगण मानू नये. ट्रॅकच्या आतल्या पृष्ठभागाला ग्रीस अजिबात लावू नये, कारण त्यात धूळ चिकटून ओल धरणारा लगदा तयार होतो. ट्रॅक कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे असते.

येथे एका चुकीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. दरवाजा जड चालू लागला की ओपनरवरचा जोर वाढवण्याचा स्क्रू फिरवायचा, ही सवय धोक्याची आहे. त्याने दरवाजा चालतो खरा, पण खाली कोणी सापडले तर अडथळा ओळखून मागे फिरण्याची यंत्राची क्षमता तेवढीच बोथट होते, आणि गिअरवरचा ताणही वाढतो. जोर वाढवावासा वाटला की दरवाजात दोष आहे असे समजावे.

उघडतो पण बंद होत नाही

दरवाजा हाताने हलका चालत असेल, ओपनरने वरही जात असेल, पण खाली येताना थोडे अंतर येऊन परत फिरत असेल किंवा मुळीच हलत नसेल आणि दिवा लुकलुकत असेल, तर दोष सेन्सरच्या मंडळात आहे असे धरून चालावे. खात्री करण्याचा सोपा मार्ग असा, की दरवाजाच्या वाटेत कोणी नाही हे पाहून भिंतीवरचे बटण दरवाजा पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरावे. बहुतेक ओपनरमध्ये असे केल्याने सेन्सरकडे दुर्लक्ष करून दरवाजा बंद होतो. तो झाला, तर मोटर, गिअर आणि बोर्डाचा मोठा भाग निर्दोष ठरतो.

सेन्सरची जोडी जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत बसवलेली असते, म्हणजे गॅरेजमधल्या सर्वांत ओल्या पट्ट्यात. एका बाजूचा डोळा अवरक्त किरण सोडतो आणि दुसऱ्या बाजूचा तो पकडतो. दोहोंवर बारीक दिवे असतात. दोन्ही स्थिर जळत असतील तर किरण जुळला आहे. पकडणाऱ्या बाजूचा दिवा विझलेला, मंद किंवा फडफडता असेल तर किरण पोहोचत नाही. दोन्ही दिवे विझलेले असतील तर सेन्सरला वीजच मिळत नाही आणि दोष बहुधा वायरमध्ये आहे.

प्रथम भिंग मऊ कोरड्या कापडाने पुसावे. भिंगावर बाहेरून दव, कोळ्याचे जाळे किंवा हिरवट बुरशीचा थर असतो आणि तो समोरून पाहिल्यास सहज नजरेतून सुटतो. विजेरीचा प्रकाश तिरपा टाकला की दिसतो. बाहेरून पुसूनही भिंग धुरकट राहिले आणि कापडाला काहीच लागले नाही, तर बाष्प आतल्या बाजूला आहे. अशा सेन्सरची शिवण फुटलेली असते. तो खोलून वाळवला तर काही काळ चालेल, पण पुढच्या दमट आठवड्यात तेच होईल, म्हणून जोडी बदलावी. नंतर सेन्सर धरणारा पत्र्याचा ब्रॅकेट हलवून पाहावा. तो तळाशी गंजला असेल तर दरवाजाच्या हादऱ्याने झुकतो आणि किरण चुकतो. विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवायचा दोन कानांचा नट, सैल करून सेन्सर हळूच फिरवत दिवा स्थिर होईल तिथे पुन्हा आवळावा.

एवढे करूनही दिवे फडफडत असतील तर वायरीकडे वळावे, आणि इथे घाई करू नये. सेन्सरजवळचा जोड बहुधा दोन तारा पिळून त्यावर टेप गुंडाळलेला असतो. टेप उलगडल्यावर आत चिकट काळा थर आणि तारेवर हिरवी पूड दिसते. तार कापून आवरण सोलावे. आतले तांबे लालसर चकचकीत निघाले तर ठीक. काळपट निघाले तर ओलावा आवरणाच्या आतून वर चढला आहे, म्हणून आणखी दोन-तीन सेंटिमीटर मागे कापावे आणि चकचकीत तांबे मिळेपर्यंत असेच मागे जावे. काळ्या तारेवर केलेला नवा जोड काही आठवड्यांत पुन्हा दगा देतो. जोडासाठी आत जेल भरलेले कनेक्टर वापरावेत, किंवा डाग (सोल्डर) देऊन वर आतून गोंद असलेली उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. साधी टेप दमट जागी पाणी बाहेर ठेवत नाही, उलट आत शिरलेले कोंडून ठेवते. जोड जमिनीलगत न ठेवता गुडघ्याइतक्या उंचीवर न्यावा, आणि वायर सेन्सरमध्ये शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडेल.

दोष सेन्सरमध्ये की लांबच्या वायरमध्ये हे ठरत नसेल, तर दोन्ही सेन्सर काढून ओपनरजवळ आणावेत, हातभर नव्या वायरने थेट टर्मिनलांना जोडावेत आणि समोरासमोर धरून प्लग लावावा. दिवे स्थिर लागले तर भिंतीतली जुनी वायर बदलायची. तिला ठोकलेल्या यू आकाराच्या खिळ्यांपैकी एखाद्याने आवरण चेपलेले असते, आणि ओलावा नेमका तिथून शिरतो.

ही तपासणी झाल्यावर सेन्सर परत आपल्या जागी, खालीच बसवावेत. बंद पडलेल्या सेन्सरची कटकट नको म्हणून दोन्ही डोळे छताजवळ समोरासमोर बांधून टाकणारे लोक आहेत. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना अडथळा ओळखणाऱ्या या जादा संरक्षणाची सक्ती झाली, ती दरवाजाखाली सापडून लहान मुले दगावली म्हणून. असे संरक्षण निकामी करण्याइतका कोणताही त्रास मोठा नसतो.

आपोआप उघडणारा दरवाजा आणि रुसलेला रिमोट

कोणी बटण न दाबता दरवाजा उघडत असेल, विशेषतः रात्री किंवा पावसात, तर भिंतीवरच्या बटणाची वायर संशयित असते. साधे बटण दोन तारा एकत्र जोडण्याचेच काम करते. ओल्या भिंतीत आवरण फाटून त्या तारा आपसात लागल्या की ओपनरला ते बटण दाबल्यासारखेच वाटते. बटणाच्या दोन्ही तारा ओपनरच्या टर्मिनलवरून सोडवून काही रात्री रिमोटवर काम चालवावे. त्रास थांबला तर वायर किंवा बटण बदलावे. बाहेरच्या बाजूला आकड्यांचा कीपॅड असेल तर त्याचे रबर चिरले आहे का आणि त्यातल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर पाणी गेले आहे का, हेही पाहावे.

रिमोटचे अंतर कमी झाल्याबद्दल दमट हवेला दोष देऊ नये. एवढ्या अंतरात हवेतले बाष्प रेडिओ लहरींना जाणवेल इतके अडवत नाही. झाकण उघडून बॅटरीच्या पट्ट्या पाहाव्यात. हिरवट डाग असेल तर खोडरबराने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. बॅटरी नवी घालावी. अनेक रिमोटना सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी लागते, पण जुनीवरचा क्रमांक पाहूनच घ्यावी. तरीही अंतर वाढले नाही तर ओपनरमधला एलईडी दिवा काढून पाहावा, कारण काही दिव्यांतून निघणारा गोंगाट ओपनरच्या रिसीव्हरला बहिरे करतो. डब्यातून लोंबणारी अँटेनाची तार कोणी गुंडाळून वर खोचली असेल तर ती पुन्हा सरळ खाली सोडावी.

डबा उघडण्याची वेळ

वरचे सारे निर्दोष ठरल्यावरच शिडीवर चढून डब्याचे झाकण काढावे. मोटर घुमते पण फिरत नाही असा आवाज येत असेल, तर एसी मोटरच्या ओपनरमध्ये कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरू होण्यास जोर देणाऱ्या भागावर, लक्ष जावे. त्याचे डोके फुगलेले किंवा त्यातून तेलकट द्रव आलेला असेल तर तो गेला. प्लग काढल्यावरही त्यात विद्युत भार उरतो, म्हणून आधी इन्सुलेटेड पकडीने धरलेल्या रोधकाच्या टोकांनी त्याची टर्मिनले काही सेकंद जोडून तो रिकामा करावा आणि व्होल्टमीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. हे पूर्वी केलेले नसेल तर शिकलेल्या माणसाला बोलावणे उत्तम. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टेजचा असावा.

मोटर फिरते, पण चेन हलत नाही आणि डब्यात पांढरा भुसा पडलेला आहे, तर नायलॉनचा गिअर झिजला. तो दमटपणाने झिजत नाही. जड झालेल्या दरवाजाने झिजतो, म्हणून गिअर बदलण्यापूर्वी दरवाजाचा तोल सुधारून घ्यावा. अनेकदा उघडझाप केल्यावर मोटर अचानक गप्प झाली असेल तर उष्णता वाढली की वीज तोडणाऱ्या आतल्या स्विचने तिला थांबवलेले असते. पंधरा-वीस मिनिटांनी ती पुन्हा चालेल.

दरवाजा वीतभर हलून थांबतो आणि असे पहाटेच घडते, हे लक्षण वेगळे वाचावे. पुष्कळ ओपनरमध्ये मोटरच्या दांड्यावर खाचांची लहान चकती असते आणि एक प्रकाशसेन्सर त्या खाचा मोजून मोटर फिरत असल्याची खबर बोर्डाला देतो. त्यावर दवाचा किंवा ग्रीस मिसळलेल्या धुळीचा पडदा बसला की खबर पोहोचत नाही आणि बोर्ड मोटरला थांबवतो. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने सेन्सरची खाच पुसली की काम होते.

बोर्ड सर्वांत शेवटी. प्रत्येक प्लग काढण्यापूर्वी मोबाइलने फोटो घ्यावा, बोर्ड कडांनी धरावा. पांढरट किंवा हिरवा थर, मुंग्यांचे अवशेष, रिलेच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या लहान स्विचच्या) पायांभोवती गोल भेग पडलेला सोल्डरचा डाग, या तीन गोष्टी शोधाव्यात. मुंग्या विजेच्या डब्यात घर करतात आणि रिलेच्या टोकांमध्ये चिरडल्या की रिलेचा टक् आवाज येऊनही मोटर चालत नाही. बोर्ड ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुवावा, ब्रश एकाच दिशेने बाहेरच्या कडेकडे ओढावा, आणि किमान एक दिवस कोरड्या खोलीत वाळू द्यावा. हेअर ड्रायरची प्रखर उष्णता देऊ नये. भेगाळलेल्या जागी नवा डाग द्यावा. तांब्याची रेषाच खाल्ली गेली असेल तर नवा बोर्ड घेणे शहाणपणाचे, कारण अशा बोर्डावर उरलेल्या रेषाही कमजोर झालेल्या असतात.

वाळलेल्या बोर्डावर इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या संरक्षक लाखेचा पातळ थर देता येतो आणि दमट जागी मी त्याची शिफारस आवर्जून करीन. तो देण्यापूर्वी प्लगच्या खाचा, बटणे, जुळवणीचे स्क्रू आणि प्रकाशसेन्सर चिकटपट्टीने झाकावेत, नाहीतर संपर्क कायमचे बंद होतात.

प्लग लावताच गळती प्रवाहाचा सुरक्षा स्विच पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर ढकलत बसू नये. छतावरच्या सॉकेटमध्ये दवाचे पाणी आहे का ते मेन स्विच बंद करून पाहावे, ओपनरच्या मुख्य वायरलाही खाली झुकणारा वळसा द्यावा. ओले यंत्र स्वतःच्या उष्णतेने वाळेल म्हणून चालू करणे, किंवा स्विच पडू नये म्हणून अर्थिंगची पिन तोडणे, हे दोन्ही उपाय जीवावर बेततात.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

ट्रॉली पुन्हा जोडून दरवाजा पूर्ण वर-खाली करावा. नंतर दरवाजाच्या वाटेत मध्यभागी ३८ मिलिमीटर जाडीचा लाकडी तुकडा आडवा ठेवून दरवाजा बंद करावा. लाकडाला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत तो मागे फिरला पाहिजे. फिरला नाही तर जोराची आणि खाली थांबण्याच्या मर्यादेची जुळवणी माहितीपत्रकानुसार पुन्हा करावी, आणि तरीही फिरला नाही तर ओपनर वापरू नये. त्यानंतर दरवाजा खाली येत असताना लांब काठीने सेन्सरचा किरण अडवावा. दरवाजा लगेच उलटला पाहिजे. या दोन परीक्षा दरमहा कराव्यात. हंगाम बदलला की खालच्या मर्यादेची जुळवणी आणखी एकदा पाहावी, कारण लाकडी दरवाजाची उंची आणि तळाच्या रबराची जाडी थोडी बदलते आणि पूर्वीची मर्यादा कमी-जास्त पडते.

ओलावा पुन्हा येऊ नये म्हणून

गॅरेजमधली ओल हवेतून येते की जमिनीतून, हे आधी ठरवावे. सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवावे. खालच्या बाजूला थेंब आले किंवा काँक्रीट काळवंडले तर पाणी जमिनीतून चढते आहे, आणि मग नुसता पंखा लावून भागणार नाही. बाहेरच्या पाण्याचा निचरा आणि फरशीवर ओलरोधक थर यांकडे लक्ष द्यावे लागेल. प्लास्टिक कोरडे राहिले तर समोरासमोर दोन जाळ्या बसवून हवा खेळती ठेवावी, आणि गाडी ओली असेल तर ती निथळेपर्यंत दरवाजा पूर्ण बंद करू नये. गॅरेज फटी बुजवून बंद ठेवता येत असेल तरच आर्द्रता शोषणारे यंत्र उपयोगी पडते, आणि ते ६० टक्क्यांच्या खाली लावावे. फटी उघड्या असताना ते बाहेरचीच हवा वाळवत बसते.

ओपनरवर प्लास्टिकची पिशवी बांधू नये. ती ओलावा आत कोंडते आणि मोटरची उष्णताही अडवते. वरून थेंब पडत असतील तर डब्याच्या चार बोटे वर, उतार देऊन पत्र्याचा लहान आडोसा टांगावा आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. घर काही आठवडे बंद राहणार असेल तर विजेच्या कडकडाटाच्या भीतीने प्लग काढण्याऐवजी विजेच्या दाबातली अचानक उसळी अडवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर लावून ओपनर चालू ठेवणे मला अधिक योग्य वाटते, कारण वाट पाहणाऱ्या बोर्डाची थोडीशी ऊब त्यावर दव धरू देत नाही. वादळाचा इशारा असेल तेव्हा मात्र प्लग काढावाच, आणि नंतर आठवणीने परत लावावा.

चेन असलेल्या ओपनरच्या चेनला वर्षातून दोनदा, दमट हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर, लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा. बेल्टला काहीही लावू नये. त्याच दिवशी सर्व टर्मिनले एकेक सैल करून, घासून, थोडे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस लावून पुन्हा आवळावीत. बॅकअपची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्या टोकांवरची पांढरी पूड पुसून, प्लग काढून दरवाजा तिच्यावर एकदा वर-खाली होतो का ते पाहावे. एवढ्यात ती थकत असेल तर बदलण्याची वेळ झालेली असते.